पेन्सिलीनं खोडलेली ओळ

नारायण पेठेतल्या ज्या कचेरीत मी तीस वर्षं हेडक्लार्क होतो, तिथल्या एका मुलीची नोकरी माझ्या चुकीमुळे गेली. चूक तिची होती असं सगळ्यांना सांगितलं गेलं, आणि सांगणाऱ्यांत मीही होतो. ते आता दुरुस्त करायचं आहे.

आमचे मालक यंत्रांच्या दांड्यांवर बसणारे नळीसारखे पितळी बुश बनवून परदेशी पाठवत. बाजार खुला झाला, गिऱ्हाइकं वाढली आणि ई-मेल आली. त्या कामासाठी एक मुलगी नेमली. वारज्याहून बसनं यायची. वडील सरकारी खात्यात कारकून. मोडेम सुरू करण्याआधी ती सगळ्यांना बजावायची, "पाच मिनिटं फोनला कुणी हात लावायचा नाही हं!" मग आलेली प्रत्येक मेल छापून माझ्या टेबलावर ठेवायची. आवक नोंदवहीत क्रमांक पडल्याशिवाय कचेरीत काही आलं असं मी मानत नसे.

"भाऊसाहेब, मेलला कशाला क्रमांक? तारीख-वेळ तिच्यावर असतेच की."

"ती त्यांची वेळ. आपल्याकडे कधी आली ते मी ठरवतो."

"बरं. तुमच्याआधी मी पाहिली हे कुणाला सांगणार नाही."

ती हसून म्हणायची, पण मला लागायचं. तीस वर्षं टपाल आधी माझ्या हातात पडत आलं होतं.

माझ्या टेबलावरही कॉम्प्युटर आला तेव्हा मी मालकांना म्हटलं, मेलचं माझं मी जोडून घेतो. तिनं वहीच्या पानावर सगळं लिहून दिलं: येणाऱ्या मेलचा सर्व्हर, जाणाऱ्या मेलचा सर्व्हर, खात्याचं नाव, पासवर्ड, फोन कुठल्या क्रमांकावर लावायचा. सर्वांत खाली सहावी ओळ होती, "सर्व्हरवर प्रत ठेवणे, इथली टिक काढू नये."

दुपारी ती डबा खायला गेली, तेव्हा मी फोनची वायर तिच्या मशीनमधून काढून माझ्या मशीनला लावली. एकेक रकाना भरत गेलो. एका नावातला बिंदू राहून गेला तर सर्व्हर सापडेना. तोही शोधून काढला. सहाव्या ओळीपाशी मात्र थांबलो. टपाल आपल्या हातात आल्यावर त्याची प्रत पोस्टात कशाला ठेवायची? आपल्या कचेरीचे कागद परक्याच्या कपाटात कशाला? मी टिक काढली. तिच्या कागदावरची ती ओळ पेन्सिलीनं खोडली आणि शेजारी लिहिलं, "अनावश्यक".

बटण दाबलं आणि तीन मेल उतरल्या. मला इतका आनंद झाला की त्या वाचायचं सुचलंच नाही. तिच्याकडेही त्या येतील आणि ती छापून आणेल असं मी धरून चाललो. वायर जागच्या जागी लावली आणि मालकांना ऐटीत सांगितलं, "कुणाला काही विचारावं लागलं नाही." त्यानंतर तो प्रोग्राम मी पुन्हा उघडला नाही. जमतं, एवढंच दाखवायचं होतं.

दीड महिन्यानं जर्मनीतल्या गिऱ्हाइकानं आख्खा माल नाकारला. बुशचा आतला व्यास बदलल्याचं आम्ही आधीच कळवलं होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. पुरावा म्हणून त्यांनी मेलची प्रत फॅक्सनं पाठवली. मालकांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"ही मेल आलीच नाही, सर."

"मग ते काय खोटं बोलतायत? भाऊसाहेब, नोंदवही काय म्हणते?"

"नोंद नाही."

"म्हणजे हिनं छापलीच नाही."

"छापली असती तर नोंद झाली असती," मी म्हणालो. तोवर मी खरंच बोलत होतो.

तिला आतच थांबवलं होतं. मी टेबलाशी येऊन बसलो आणि फॅक्सवरची तारीख डोक्यात वाजली. मी प्रोग्राम उघडला. तीन न वाचलेल्या ओळी ठळक अक्षरांत तशाच होत्या. दुसरी तीच. मी टिक काढल्यामुळे माझ्याकडे उतरताच त्या सर्व्हरवरून पुसल्या गेल्या होत्या, तिच्या मशीनवर कधी आल्याच नव्हत्या. मी उठून केबिनच्या दारापर्यंत गेलो. आतून तिचा आवाज आला, "माझ्याच हातून पुसली गेली असेल, सर. मला आठवत नाही."

मी दारातून मागे फिरलो. तिनं कबूलच केलंय, असं स्वतःला सांगितलं. निवृत्तीला दीड वर्ष होतं, आणि कचेरीनं मला हसलेलं मला सोसलं नसतं. मालकांनी नोंदवहीवर विश्वास ठेवला असं मी पुढे कैक वर्षं म्हणत आलो. खरं तर त्यांनी माझ्या वयावर आणि माझ्या आडनावावर ठेवला. तिच्या बाजूला यातलं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं राजीनामा आणला. त्यात चुकीची माफी मागितली होती. "क्रमांक टाका, भाऊसाहेब. नाहीतर मी गेलेच नाही असं व्हायचं." मी क्रमांक टाकला. ती जिना उतरून गेल्यावर त्या तीन मेल पुसल्या. तिचा कागद मात्र फाडवला नाही. निवृत्त झालो तेव्हा तो घरी आणला.

आता मी मुलाकडे वारज्याला राहतो. मागच्या महिन्यात बँकेत एक बाई भरलेला फॉर्म पुन्हापुन्हा तपासत होत्या. शेवटी त्यांनी तो शेजारच्या अनोळखी माणसापुढे धरला, "जरा बघता का, बरोबर भरलाय ना?" मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "अहो भाऊसाहेब! ओळखलंत का?"

तीच होती. शाळेच्या ग्रंथालयात असते, म्हणाली. मी विचारलं, "कॉम्प्युटर सोडलात?"

"तेव्हाच. माझा हात भरवशाचा नाही, तुम्हांला माहीतच आहे." आणि हसली.

रविवारी तिचं घर विचारत गेलो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी वडिलांचा हार घातलेला फोटो, खाटेवर म्हातारी आई. मी तो कागद पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. ती खोडलेल्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिली.

"म्हणजे मी पुसली नव्हती?"

"नाही."

"नक्की?"

"माझ्या मशीनवर होती. मी पाहिली."

"कधी?"

"तुम्ही केबिनमध्ये होतात तेव्हा."

आईनं विचारलं, "काय म्हणतायत गं ते?" तिनं आईच्या कानाशी वाकून मोठ्यानं सांगितलं, "आई, ती मेल मी पुसली नव्हती!"

"मग तुझे बाबा काय वेगळं सांगत होते?" आई म्हणाली. "माझी पोरगी असं करणार नाही, म्हणायचे. तूच भांडायचीस त्यांच्याशी."

ती फोटोकडे बघत राहिली. मी माफीचं काही पुटपुटलो, तर तिनं हातानं थांबवलं.

"ते नंतर बघू. आधी लिहून द्या, भाऊसाहेब. माझी माफी लेखी होती ना? मग हेही तोंडी नको. खाली सही करा. नावं घालू नका, त्या कचेरीत मला आता कुणाला लाजवायचं नाही. पण जे झालं ते सगळं लिहा."

म्हणून हे लिहिलं. उद्या तिला नेऊन देईन. खाली सही केली आहे. वरच्या कोपऱ्यात आवक क्रमांकासाठी जागा मोकळी सोडली आहे. तो तिनं टाकायचा.