गुणाजीकाकांच्या गाडीचा चिमटा

कोकणात मेकॅनिक होऊ नये. झालंच, तर समुद्रापासून चार डोंगर लांब व्हावं. माझं गॅरेज शिरगावच्या रस्त्याला आहे आणि माझा निम्मा जन्म गंज खरवडण्यात गेला. त्यातही मासेवाल्याची गाडी दारात आली की माझं डोकंच फिरतं. मागे क्रेट, क्रेटमध्ये मासे आणि बर्फ, आणि त्याचं खारट पाणी दिवसभर टपटप खाली. लोखंडाने तरी किती सोसायचं?

गुणाजीकाका त्यातलेच. राहणार काळबादेवी. उमेदीची सगळी वर्षं होडीवर गेली. पुढे मोठ्या बोटींपुढे छोट्या होडीचं काही चालेना, तेव्हा होडी विकून ही मोटारसायकल घेतली. पहाटे मिरकरवाड्याच्या बंदरावर लिलावात मासे घ्यायचे, हातखंबा-पालीपर्यंत दारोदार विकायचे, आणि घरी येऊन अंग टाकावं म्हटलं तर तेही नाही. मालनकाकींच्या किडन्या गेल्यात. आठवड्यातून तीन दिवस दुपारी त्यांना मागे बसवून रत्नागिरीला डायलिसिसला न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं. साठी उलटलेला हा माणूस घाईत कधी दिसला नाही आणि स्वस्थ बसलेलाही कधी दिसला नाही.

त्या दिवशी मासे विकून येताना ते थांबले. म्हणाले, "म्हेंदर, चिमट्याला जरा काला रंग मार. मालनच्या साडीला दरखेपेला गंजाचा डाग पडतोय. परवा दुपारी गाडी लागंल मना."

चिमटा म्हणजे मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारा, आतून पोकळ लोखंडी भाग. गाडीचा सगळा मागचा भार त्याच्यावर. मी म्हटलं, "काका, गंजावर नुसता रंग म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा. खोलून, घासून मारतो."

गाडी मोठ्या स्टँडवर घेतली. चेन उतरवली, चाक काढलं, शॉकअपचे बोल्ट सोडले. इथवर ठीक. पण चिमटा ज्या लांब बोल्टवर हलतो तो काही हलेना. रॉकेल ओतलं, वाट पाहिली, तापवला, ठोकला, शिव्या घातल्या. शेवटी बोल्ट निघाला तेव्हा माझी कंबरही निघाली होती.

आणि चिमटा उचलला तर आत पाणी खळखळलं.

खालच्या बाजूला पाणी जायला एक बारीक भोक असतं. ते सापडेना. तारेच्या ब्रशने घासलं तेव्हा दिसलं, कापसाचा बोळा ठासून वर राळ लावलेली. होडीच्या फळ्यांमधल्या फटी भरतात, अगदी तशी. बोळा उचकटला आणि तपकिरी पाणी माझ्या पायावर आलं.

"काका, हे कोणी बुजवलं?"

"मीच," काका म्हणाले. "धुताना भोक दिसला, बुजवला. नायतर पानी नाय काय आत जानार?"

हसावं की रडावं कळेना. होडीवर जन्म काढलेला माणूस. भोक दिसलं की हात आपसूक बोळ्याकडे जाणार. मी समजावलं, की काका, हे पाणी आत यायचं भोक नव्हे, बाहेर जायचं. पाणी काय, कुठूनही शिरतं. वाटच बंद केल्यावर ते आत साठलं आणि पत्रा आतून खात बसलं. मी स्क्रूड्रायव्हर टेकवून नुसता दाबला. तो सरळ पलीकडे गेला.

काकांनी पडलेल्या भोकावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पट्टी मार वेल्डिंगची. वरून रंग. परवापुरता चालंल."

"पट्टी धरायला पत्रा तरी हवा ना! काकींना मागे बसवता तुम्ही. चालत्या गाडीत तुटला तर?"

"मंग परवा ती जानार कशी?" ते माझ्यावर ओरडले. असे कधी ओरडत नाहीत. ओरडून झाल्यावर तिथेच एका जुन्या टायरवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड चोळत राहिले. मला त्यांची फार दया आली, आणि त्यांचा रागही आला.

"मी नेतो काकींना," मी म्हटलं.

कोल्हापूरच्या ओळखीच्या भंगारवाल्याने दुसरा चिमटा एसटीच्या पार्सलने पाठवला. तो मी घासला, खालचं भोक मोकळं आहे ना ते फुंकून पाहिलं, गंज धरू नये म्हणून आधी रेड ऑक्साईडचा हात दिला, वर काळा. तारेने टांगून वाळत ठेवला, तोवर डायलिसिसची दुपार आलीच. काका गॅरेजवर आले ते बाकड्यावर आडवे झाले, आणि मी माझ्या गाडीची चावी शोधेपर्यंत घोरायलाही लागले. मी त्यांना उठवलं नाही. काकींना घरून रत्नागिरीला न्यायला एकटाच गेलो.

काकी माझ्या मागे बसल्या. वजन असं जाणवतच नव्हतं. खाडीच्या पुलावर आल्यावर म्हणाल्या, "तुजी गाडी हलत नाय रे."

"त्यांची हलायची?"

"कदीपास्नं. मागचा चाक इकडं तिकडं जायाचा. चालवनाऱ्याला काय कलतंय, मागं बसनाऱ्याला कलतंय."

मी गाडी हळू केली. "मग काकांना बोलला का नाहीत?"

काकींनी वाऱ्यावर उडणारा पदर आवरला.

"दमलाय रे तो," काकी म्हणाल्या. "मी पन दमलंय. म्हटला, ऱ्हाऊदे. काय व्हायचा ता दोघांचा एकदम होऊदे."

मी शेवटी मेकॅनिकच. म्हटलं, "काकी, दुसरा चिमटा आणलाय. चांगला जाड पत्रा आहे. उद्या बसवतो. अजून दहा वर्षं काही होत नाही त्याला."

"धा वर्सां," काकी म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावरचा हात त्यांनी जरा घट्ट केला. "बरा. चल, उशीर होतोय."