किडका दात आणि ठाकूरद्वारची सभा

दंतवैद्याने पुस्तक लिहू नये, असा कायदा नाही. असता तर मी तो पाळला असता आणि माझ्या सासऱ्यांचा रक्तदाब आटोक्यात राहिला असता.

ठाकूरद्वारला माझा दवाखाना होता. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने तेव्हा गिरगाव नुसतं पेटलं होतं आणि मी 'दात आणि हिरड्या' हे एकशे बारा पानांचं पुस्तक लिहून छापून घेतलं होतं. पाचशे प्रती! त्या घरात आल्या आणि आमचा पलंग त्यांच्यावर चढला. आता झोपायला स्टुलावरून वर जावं लागे.

"अहो, ही पुस्तकं जाणार कधी?" कुसुमने, म्हणजे बायकोने, तिसऱ्या दिवशी विचारलं.

मी दवाखान्यात प्रयत्न सुरू केला. रोग्याला खुर्चीत बसवायचं, तोंडात कापूस कोंबायचा आणि पुस्तकाची माहिती द्यायची. (नाही म्हणायची सोयच नसे.) दोन आठवड्यांत तीन प्रती गेल्या आणि अकरा रोगी गेले. ते परत आले नाहीत.

मग कुसुमचा धाकटा भाऊ दिगंबर मदतीला धावला. तो फोर्टमध्ये एका जाहिरात कंपनीत होता, त्यामुळे त्याला सगळंच कळत असे.

"वसंतराव, पुस्तक लिहिणं हे अर्धं काम. ते लोकांच्या कानावर घालणं हे उरलेलं अर्धं. तुम्ही प्रकाशन समारंभ करा. अध्यक्ष आपले अप्पा. हँडबिलांचं माझ्यावर सोडा."

अप्पा म्हणजे माझे सासरे. सचिवालयात हेडक्लार्क, पेन्शनला दहा महिने उरलेले. राजकारणाचा वास आला तरी ते रस्ता बदलत. सरकारी नोकर सभेत दिसला तर नोकरीवर गदा येण्याचे दिवस होते ते. दातांचं पुस्तक म्हणून ते तयार झाले. "दातात कसलं आलंय राजकारण?" असं म्हणाले. अगदी हसत म्हणाले.

दिगंबरने हँडबिलं छापली आणि गिरगावपासून लालबागपर्यंत भिंतींवर डकवून घेतली. मी ती पाहिली ती शनिवारी, दूध आणायला गेलो तेव्हा. त्यावर लिहिलं होतं: 'किडका दात किती दिवस सहन करणार? तो उपटल्याशिवाय सुटका नाही! रविवारी पाच वाजता ठाकूरद्वारला, आमच्या वाडीत या.' खाली माझं नाव आणि पत्ता.

"अरे, यात पुस्तकाचं नावच नाही," मी दिगंबरला म्हटलं.

"मुद्दाम. उत्सुकता ताणायची असते."

ती ताणली गेली. त्या दिवसांत मुंबईतल्या भिंतीवर काहीही डकवलं तरी लोक त्याचा एकच अर्थ घेत. किडका दात म्हणजे सरकारातला कोण, हे लालबागमध्ये कोणाला विचारायची गरज पडली नाही.

रविवारी मी चाळीस खुर्च्या मांडल्या. साडेचारला त्या भरल्या. पावणेपाचला वाडीचं अंगण भरलं. पाचला लालबागहून गिरणी कामगारांचा जथा घोषणा देत आत शिरला आणि गॅलऱ्या वाकतील इतकी माणसं उभी राहिली. अप्पा हार घालून माझ्या शेजारी बसले होते. 'झालाच पाहिजे' कानावर पडलं तेव्हा त्यांनी हार काढून खुर्चीखाली ठेवला.

"वसंतराव," ते ओठ न हलवता म्हणाले, "तो खांबाजवळचा माणूस वहीत लिहितोय. साध्या कपड्यातला पोलीस आहे तो."

"अप्पा, मी फक्त दातांबद्दल बोलेन."

आणि मी खरोखर दातांबद्दलच बोललो. "दात एका दिवसात किडत नाही," मी सुरुवात केली. "आधी बारीकसा काळा डाग दिसतो. आपण दुर्लक्ष करतो." टाळ्या. "बाहेरून तो पांढराशुभ्र दिसतो, पण आतून पोखरलेला असतो." टाळ्यांचा असा कडकडाट झाला की वरच्या मजल्यावर कोणाचं तरी तान्हं पोर रडू लागलं.

इथे थांबायला हवं होतं. पण माझ्या दातांवरच्या बोलण्याला आयुष्यात कोणी टाळी दिली नव्हती हो! अंगात काहीतरी संचारलं. प्रात्यक्षिकासाठी आणलेला दात उपटायचा चिमटा मी खिशातून काढला आणि उंच धरला. वाडी दणाणली. अप्पांनी डोळे मिटून घेतले.

"घाबरू नका," मी ओरडलो, "उपटताना थोडं रक्त येतं."

सभा एकदम गप्प झाली. पुढे बसलेल्या लालबागच्या एका बाईने पदर डोळ्यांना लावला. चळवळीतल्या लोकांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबाराला फार दिवस झाले नव्हते. माझा हात आपोआप खाली आला.

"मावशी," मी हळू आवाजात म्हणालो, "मी खरंच दातांबद्दल बोलतोय. दंतवैद्य आहे मी. हे दातांचं पुस्तक आहे."

बाईने अप्पांकडे पाहिलं, खांबाजवळच्या माणसाकडे पाहिलं आणि मान हलवली. "कळला, डॉक्टर. सगळा उघड बोलूक गावत नाय. द्या तुमचा पुस्तक."

अर्ध्या तासात सगळ्या प्रती संपल्या. शेवटची वहीवाल्याने नेली. कुसुम आनंदाने पलंग खाली घ्यायला गेली.

दोन दिवसांनी चौकीवरून बोलावणं आलं. मला आणि अध्यक्षांना. 

साहेबांसमोर माझं पुस्तक होतं, पानापानांत कागदी खुणा घातलेल्या. "पान त्रेसष्ट," ते म्हणाले. "'अक्कलदाढ वेळेवर आली नाही तर सगळ्या कुटुंबाची झोप उडते.' हे कोणाला उद्देशून आहे?"

मी तोंड उघडणार तोच अप्पा म्हणाले, "मला, साहेब. मी या माणसाला मुलगी दिली."

साहेबांनी अप्पांकडे पाहिलं. मग सहानुभूतीने पाणी मागवलं.

"तुम्ही जा, अप्पासाहेब. तुमच्या कचेरीला काही कळवत नाही." मग ते माझ्याकडे वळले. "कामाचा भाग म्हणून मी हे पुस्तक दोनदा वाचलं. शेरा लिहिलाय. ऐकायचाय?"

मला कोण आनंद झाला! पहिला वाचक, तोही दोनदा वाचणारा. "वाचा ना," मी खुर्ची पुढे ओढली.

"'आक्षेपार्ह काही नाही,'" साहेबांनी वाचलं. "'हे पुस्तक वाचून लोक रस्त्यावर येण्याची शक्यता वाटत नाही. दुसऱ्या प्रकरणापुढे कोणी जाईल असंही वाटत नाही.'"

माझ्या लेखनावर लेखी अभिप्राय तेवढा एकच आला. तो कुठे छापता येईना, कारण त्यावर 'गोपनीय' असा शिक्का होता.