मिल बंद, खोकला चालू

जळगावच्या एका डाळमिलमध्ये मी मुकादम आहे. चाळण्या सुरू झाल्या की तुरीची धूळ नाकातोंडात जाते, म्हणून सुटीचा भोंगा झाला की प्रत्येकाने गुळाचा खडा खायची आमच्याकडे रीत आहे. गुळाने छाती साफ होते म्हणे. मला साखरेचा आजार. सकाळी त्याची गोळी घ्यायची आणि संध्याकाळी गूळ खायचा, असा माझा शहाणपणा. वर बिडी होतीच. पन्नाशीत खोकला लागला, तर त्याला ‘मिलचा खोकला’ म्हणून मी मोकळा झालो. पँट ढिली झाली तेव्हा तर खूशच झालो, पोट उतरलं म्हणून!

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मिलला सुटी असते. सोनगीरहून माझी थोरली बहीण, अक्का, माहेरपणाला आली. आई-वडील गेल्यापासून माझंच घर तिचं माहेर. आमरस वाढता वाढता ती थांबली. म्हणाली, “भाऊ, मिल तं बंद शे. मंग खोकला कसा चालू शे?”

मी हसण्यावारी नेलं. ती हसली नाही. “तुन्हा दाजीना खोकला बी असाच व्हता. आम्हले बी धूळच वाटनी.” दाजी खडीच्या क्रशरवर कामाला होते. त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी तिने मला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर विचारत गेले: बिडी? धूळ? साखर? मी मान डोलावत राहिलो, गुळाचंही सांगून टाकलं. बेडक्यात क्षय निघाला. डॉक्टर म्हणाले, “साखर इतकी वाढलेली असली की शरीराला या रोगाशी झुंजता येत नाही. हे गुळाचं कुणी सांगितलं तुम्हाला?” मग घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. माझ्याच ताटात जेवणारी नात ठणठणीत निघाली, तेव्हा मला रडूच आलं.

गोळ्या पुऱ्या केल्या. बिडी सुटली. मिलमध्ये कुणी खोकत राहिला, तर त्याला आधी दवाखान्यात पाठवतो.

यंदाच्या आखाजीला अक्का पुन्हा आली. ती उंबऱ्यात दिसली आणि मला भरून आलं. तिने विचारलं, म्हणून मी आहे. घरातल्या वारलेल्या माणसांसाठी आखाजीला पाण्याची घागर भरून पुजायची असते. आई-वडिलांची घागर मी भरली, वर खरबूज ठेवलं. अक्का शेजारी बसून बघत होती. तिने पदर डोळ्यांना लावला.

“तू दवाखानामा गया नसता, तं औंदा तुन्ही बी घागर भरनी पडती रे, भाऊ.”