वीतभर ऊन

अंकल कुठलीही वस्तू बघायच्या आधी मोजत. टेप कधी जवळ नसे, उजव्या हाताची वीत पुरे. अंगठा टेकवायचा, करंगळी ताणायची आणि ओठ हलवत पुढे सरकायचं. हॅरिस पार्कच्या मिठाईच्या दुकानात त्यांनी एकदा काचेबाहेरून बर्फीच्या ट्रेवर वीत फिरवली आणि दुकानदाराला सांगितलं की आडवी लावलीत तर अजून एक ओळ बसेल. तो वैतागून म्हणाला, "अंकल, आप ही लगा दो." अंकलनी बाह्या सरसावल्या आणि खरंच लावून दिली. ओळ बसली. मी लाजेने दुसऱ्याच मिठाया बघत उभी होते.

ही खोड सिंगापूरची. मूळचे वसईचे, पण सगळी नोकरी सिंगापुरात सोलर पॅनेल बसवण्यात गेली. "तिथे जमीनच नाही गं," ते सांगत. "मोठाल्या सरकारी इमारतींच्या गच्च्या भरल्या, त्या संपल्या. मग तळ्याला छप्पर घातलं. पाण्यावर तरंगती पॅनेलं! आम्ही पुसायची आणि बगळ्यांनी येऊन घाण करायची. बगळ्यांनाही दुसरीकडे जागा नव्हती बिचाऱ्यांना." तिथे दफनाचीसुद्धा जागा कायमची मिळत नाही, काही वर्षांनी थडगी उकरतात. त्यामुळे त्यांच्या बायकोच्या, आंटींच्या अस्थी एका चर्चमधल्या कप्प्यात ठेवलेल्या. हे सांगतानाही अंकल नकळत वीत ताणत. एवढा कप्पा. शेजारचा त्यांनी स्वतःसाठी घेऊन ठेवला होता.

रिटायर झाल्यावर ते वेस्टमीडला लेकीकडे आले. रीना हॉस्पिटलात नर्स, मी तिथल्याच लॅबमध्ये, आणि आमची बिल्डिंग एकच. तीन मजली, जुनी, विटांची, लाल कौलांची. रीनाचा फ्लॅट स्वतःचा, माझा भाड्याचा. ओळख झाली ती माझ्या मूर्खपणामुळे. जाहिरातीत 'दक्षिणेकडे गॅलरी' वाचून मी पुण्याच्या हिशेबाने खूश झाले होते, भरपूर ऊन येणार म्हणून! आई भारतातून आली तेव्हा तिने तिथे कुरडया वाळत घातल्या. तीन दिवस झाले तरी ओल्या त्या ओल्याच. समोरच्या जिन्यातून अंकल बघत होते. "अगं बाई, विषुववृत्ताखालच्या ह्या देशात सूर्य उत्तरेला असतो. तुझी गॅलरी म्हणजे फ्रीज आहे फ्रीज. आण ते ताट आमच्याकडे." कुरडया त्यांच्या गॅलरीत वाळल्या. ताट परत आलं तेव्हा त्या ओळीने, एकीला एक चिकटून रचलेल्या होत्या आणि मध्ये माशी शिरायलाही फट नव्हती.

इथली छपरं बघून त्यांचा जीव जळायचा. पेंडल हिलला भाजी आणायला निघालो की गाडीत त्यांचं चालू. "बघ, ते रिकामं. ते पण रिकामं. मेलो मी! एवढं ऊन, एवढी जागा, आणि ही माणसं नुसती झोपतात त्याखाली." मी म्हणायचे, अंकल, जरा रस्त्याकडे बघू द्या मला.

पण त्यांची स्वतःची इच्छा फार लहान होती, ती त्यांनी मला चहा गाळताना सांगितली. चहा फक्कड करायचे, कुंडीतली गवती चहाची पात वितीने मोजून घालायचे. म्हणाले, "आयुष्यभर लोकांच्या डोक्यावर पॅनेलं बसवली. आम्ही राहायचो भाड्याने, तिथल्या गच्चीतली वीज लिफ्टला आणि जिन्यातल्या दिव्यांना जायची. आपल्या छपरावर पडलेल्या उन्हाचा एक कप चहा, आपल्याच शेगडीवर, मी कधी प्यायलो नाही. तुझी आंटी हसायची मला. म्हणायची, शेफ उपाशी."

म्हणून त्यांनी बिल्डिंगच्या मागे धोशा लावला. छप्पर सगळ्यांच्या मालकीचं, त्यामुळे मालकांची मीटिंग हवी. फ्लॅट आठ, आणि छपरावरची वीज सगळ्यांना सारखी वाटून देणारं यंत्र मिळतं, हे त्यांनी दारोदारी जाऊन पटवलं. कुणाकडे केक नेला, कुणाचा नळ दुरुस्त केला. सगळे म्हणाले, "नो वरीज, अंकल."

मीटिंग खालच्या गॅरेजमध्ये झाली. मी भाडेकरू, मला मत नाही. मी खुर्च्या लावायला होते. रीना शिफ्टला, म्हणून तिच्या वतीने अंकल. सगळं सुरळीत चाललं होतं आणि वरच्या मजल्यावरचे देसाई उठले. आपलेच हो, ठाण्याचे! "छप्पर माझ्या डोक्यावर आहे. उन्हाळ्यात भट्टी मी सोसतो. मला दोन हिस्से हवेत, नाहीतर माझा विरोध." लगेच शेजारच्याला वाटलं, मग मलाही जास्त का नको? तळमजल्यावरची म्हणाली, माझा फ्लॅट मोठा आहे. अर्ध्या तासात जे सगळे हो म्हणत होते ते एकमेकांकडे बघेनात. ह्या देशात गाडी दिवसभर हाकली तरी माणूस दिसत नाही, आणि इथे आठ घरांना एक छप्पर पुरेना! मला इतका संताप आला होता की खुर्ची आपटावीशी वाटली.

अंकल खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "आमचा हिस्सा देसाईंना द्या. बाकी सगळ्यांचं ठरल्याप्रमाणे."

"अहो, तसं नाही अंकल," देसाई म्हणाले. पण नको म्हणाले नाहीत. कुणीच म्हणालं नाही. हात वर झाले, ठराव पास.

संध्याकाळी रीनाचा आवाज जिन्यापर्यंत येत होता. "डॅड, यू वॉन्टेड जस्ट वन थिंग! एवढंच तर हवं होतं तुम्हाला!"

पॅनेलं चढली त्या दिवशी ते सकाळपासून खाली अंगणात, मान वर करून उभे. काम संपत आल्यावर वरून फिटर ओरडला, "मेट, इकडे कडेला जागा उरलीय. अजून एका घराची पॅनेलं बसतील." मी उडालेच. अंकलकडे बघितलं तर त्यांना काहीच नवल वाटलेलं नव्हतं. त्यांनी ती आधीच मोजलेली असणार, नाहीतर ते अंकल कसले.

"अंकल, सांगा ना त्याला! तुमची बसवायला सांगा."

"जेजू रे देवा, आणि परत मीटिंग? देसाई म्हणतील जागा होती तर तीही माझ्या डोक्यावरची, खालची काही वेगळंच म्हणेल. आत्ता कुठे जिन्यात एकमेकांना हॅलो म्हणायला लागलेत. राहू दे रिकामी. पुढच्या उन्हाळ्यात मागून घेईन. तोवर माणसं निवतील."

ज्याने तळंसुद्धा मोकळं सोडलं नाही, त्या माणसाने ते कोपऱ्यातलं छप्पर मोकळं सोडलं. मी दुपारी त्यांना चहाला बोलावलं. माझ्या भाड्याच्या घराला हिस्सा मिळाला होता. त्यांनी शेगडीजवळ हात धरून बघितला, चहा प्यायला, म्हणाले, "तुझ्या घरमालकाचं ऊन चांगलं आहे. पात कमी घातलीस." पुढचा उन्हाळा त्यांना मिळालाच नाही. थंडीत छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटल घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, लेक तिथेच नर्स, तरी काही उपयोग झाला नाही. रीना त्यांना सिंगापूरला आंटींच्या शेजारच्या कप्प्यात ठेवून आली.

त्यानंतरच्या मीटिंगला देसाईच उठले. कोपऱ्यातली जागा अंकलच्या घराला द्यावी, म्हणाले. मिनिटभरात सगळे हात वर. मागे खुर्च्यांपाशी उभी राहून मी ते हात बघत होते आणि मला रडू आवरेना. आता कशाला, असं मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं. तेव्हाही मिनिटभरच लागलं असतं.

पॅनेलं बसली. पहिल्या कोरड्या, लख्ख दुपारी रीनाने मला चहाला बोलावलं. वडिलांनी आयुष्यभर हातात दिलेला चहा पिणारी मुलगी ती, तिला चहा कुठला यायला! पाणी भरपूर, गवती चहाची पात तिने अख्खीच्या अख्खी टाकलेली, गाठ मारून. चहा कडवट झाला होता. ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, छान झालाय, आणि कप रिकामा केला.

अंकल बोलले असते.