व्हॅक्यूमवाल्या मारोतरावांचा सुपरचार्जर

मारोतराव खोब्रागड्यांनी आयुष्याची अडतीस वर्षं गाड्या थांबवण्यात घालवली आणि उरलेलं आयुष्य एक गाडी पळवण्यात घालवायचं ठरवलं. माणसानं म्हातारपणी नाटक बदलावं, पण इतकं?

रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात ते ब्रेकचे फिटर होते, तेही जुन्या व्हॅक्यूम ब्रेकचे. त्या ब्रेकची रीत अशी, की मालगाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या पाइपातली हवा ओढून घ्यायची. ती ओढलेली असेल तोवर चाकं मोकळी. हवा आत शिरली की ब्रेक लागले. पाइप नीट ओढतोय की नाही हे बघायला साहेब लोक मीटर लावत. मारोतराव तळहात लावत. तळहात पाइपाच्या तोंडाला चिकटला, कातडीवर लाल गोल उठला, की पुढे मीटर बघायची गरज नाही. अख्ख्या कारखान्यात त्यांना व्हॅक्यूमवाला मारोती म्हणत आणि या पदवीपुढे त्यांना रावबहादूरकीही फिकी वाटे. पुढे दाबाच्या हवेवर चालणारे ब्रेक आले. मारोतरावांना ट्रेनिंगला पाठवलं. ते गेले, हजेरी लावली, चहा प्यायले, परत आले. ढकलणाऱ्या हवेवर त्यांचा जीव काही जडला नाही. हवा म्हणजे ओढणारी. बाकी सगळा वारा.

आता गाडीबद्दल. लाल रंगाची, हजार सीसीची, पाच माणसांची म्हणून विकलेली आणि चार माणसांतच भरणारी छोटी मोटार. दोन हजार एक साली त्यांनी ती नवीकोरी घेतली. फिटरच्या पगारात, क्वार्टरच्या दारात. पहिल्या दिवशी ड्यूटीवर तीच घेऊन गेले, तर फाटकाजवळ एक साहेब थांबले आणि कौतुकानं विचारते झाले, "किसकी गाड़ी ले आए, मारोती?"

"मेरी है, साब."

साहेब हसले. मग हसू तोंडावर तसंच ठेवून त्यांनी गाडीला एक पूर्ण फेरी मारली आणि मागची नंबर प्लेट वाचली. जणू तिच्यावर खऱ्या मालकाचं नाव लिहिलेलं असणार. ती फेरी मारोतरावांनी पंचवीस वर्षं मनात जपून ठेवली. साहेब रिटायर झाले, वारले, त्यांच्या बंगल्यात दुसरे आले. पण ही गाडी धुताना मारोतराव नंबर प्लेट जरा जास्तच घासत.

अशा गाडीला भंगारात काढायचं म्हणाल, तर माणूस काय ऐकून घेईल?

पण म्हणणारे घरातलेच होते. झालं असं, की मागच्या उन्हाळ्यात लेकीचे सासरे बाबाराव आणि सासू सरलाबाई भिलाईहून आले होते. बाबाराव प्लांटमधून रिटायर झालेले; त्यांच्याकडे उंचच उंच पांढरी गाडी, जिच्यात चढताना शिडी लागते आणि उतरताना आब. ती गाडी सर्व्हिसिंगला दिली होती, म्हणून सगळे मारोतरावांच्या लाल गाडीतून एका लग्नाला निघाले. पंडरीच्या उड्डाणपुलावर पाच माणसं, एसी आणि उन्हाळा असे तिघं मिळून गाडीच्या छातीवर बसले. ती दुसऱ्या गिअरवर आली, मग पहिल्यावर, मग पूर्णविरामावर. मागच्या सीटवरून बाबाराव अत्यंत नम्रपणे म्हणाले, "मारोतराव, एसी बंद करता, का आम्ही उतरू?"

हे वाक्य बाबारावांनी पुढे तीन बारशी, दोन साखरपुडे आणि एका तेरवीत सांगितलं. तेरवीत तर लोक हसले म्हणतात.

त्यात या वर्षी गाडीचा फिटनेस, म्हणजे रस्त्यावर चालवायचा सरकारी दाखला, संपत आला. मुलगा यशदीप बँकेत आहे. बापाची मराठी त्याला कळते, उत्तर तो हिंदीत देतो. त्यानं भनपुरीच्या एका कबाड्याशी, म्हणजे भंगारवाल्याशी, बोलूनही ठेवलं. मारोतराव चार दिवस जेवले नाहीत, म्हणजे घरी जेवले नाहीत. शेवटी त्यांच्या बायकोनं, मायाबाईंनी, बापलेकात तह घडवला. यशदीपनं अट घातली ती अशी: पाच माणसं, एसी चालू, तिसरा गिअर आणि पंडरीचा पूल. एकदाच. चढली तर फिटनेस करू. नाही चढली तर पापा स्वतःच्या हातानं चावी देतील. पाचांत बाबाराव आणि सरलाबाई हव्यात, म्हणजे वजनही पुरेसं आणि पंचही घरचे. मारोतरावांनी एक महिना मागितला आणि शब्द दिला. त्यांच्या घरी शब्द दिला की दिला; परत घ्यायची सोय नाही.

मग ते त्याच कबाड्याकडे गेले. शत्रूच्या छावणीत शिरायचं तर हातात काहीतरी घेऊन बाहेर पडावं, या हिशेबानं. तिथे नागपूर रस्त्यावर चिरडलेली एक परदेशी गाडी पडली होती. तिच्या पोटात अॅल्युमिनियमचा एक डबा होता, बाळाच्या पाळण्याएवढा. आत पिळाचे दोन रूळ एकमेकांत गुंतलेले, पुढे एक पुल्ली, खाली-वर दोन तोंडं. कबाड्यानं सांगितलं, हा सुपरचार्जर. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो आणि इंजिनाला जबरदस्तीनं हवा पुरवतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. मारोतरावांनी हातानं पुल्ली फिरवली. एका तोंडावर तळहात ठेवला. तळहात हळूच ओढला गेला.

"अरे," ते स्वतःशीच म्हणाले, "हे तर आपलंच पोट्टं निघालं."

पुढचा महिनाभर पोर्चमध्ये जे चाललं त्याला मायाबाई 'बाळंतपण' म्हणत. नाकापेक्षा मोती जड अशी ती जोडी. डबा बसवायला जागा नव्हती, तेव्हा बॅटरी उचलून डिकीत गेली. जुन्या पलंगाच्या लोखंडी पट्ट्या कापून डबा धरायची चौकट बनली. एका इलेक्ट्रिशियनला बोलावून पेट्रोल जरा सैल हातानं सुटेल अशी व्यवस्था झाली. पुल्लीवर बटणानं पकड घेणारा क्लच होता. त्याचं लाल बटण स्टिअरिंगशेजारी बसलं. बटण बंद असताना डबा झोपलेला आणि हवा बाजूच्या मोकळ्या पाइपानं जाणार. बटण दाबलं की बाजूची झडप बंद, डबा जागा, आणि सगळी हवा त्याच्यातूनच. सगळं चोख होतं. वेल्डिंग तर असं, की कारखान्यातल्या लोकांना बोलावून दाखवावं.

राहिले दोन होज पाइप. एक हवेच्या फिल्टरकडे, एक इंजिनाकडे. कोणत्या तोंडाला कोणता? डब्यावरची अक्षरं केव्हाच झिजली होती. यशदीप म्हणाला, मोबाइलवर बघून घ्या. मारोतरावांनी मोबाइलकडे नाही, यशदीपकडे बघितलं. मग दोन्ही पाइप काढून इंजिन सुरू केलं, बटण दाबलं आणि एकेका तोंडावर तळहात ठेवला. वरच्या तोंडानं हात झिडकारला. खालच्या तोंडानं असा धरला, की सोडवताना चप्प आवाज झाला आणि तळव्यावर लाल गोल उमटला. तो गोल त्यांनी मायाबाईंना नेऊन दाखवला.

"चांगलं हाय का वाईट?" मायाबाईंनी विचारलं.

"याच्याहून चांगलं काही नसते."

आणि जे तोंड जीव तोडून ओढत होतं, ते त्यांनी इंजिनाला जोडलं.

परीक्षेच्या ठरलेल्या रविवारच्या आदल्या दिवशी मायाबाईंनी सुचवलं, की एकदा खमतराईपर्यंत तरी बटण दाबून चक्कर मारून या. रंगीत तालमीशिवाय कोणी पडदा उघडतं का? पण मारोतरावांना पहिला प्रयोगच हवा होता, खच्चून भरलेल्या प्रेक्षागृहासमोर. बटण ते पुलावरच दाबणार होते, बाबारावांच्या साक्षीनं. तालीम न करता रंगमंचावर जाणारे नट मोठेही असतात आणि मूर्खही, आणि कोण कुठला हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

रविवारी सकाळी दहाला पाच जण निघाले. पुढे मारोतराव आणि यशदीप, मागे मायाबाई, सरलाबाई आणि त्यांच्या मध्ये, गुडघे हनुवटीला लावून, बाबाराव. पंच मध्ये बसतो म्हणून. एसी चालू. सपाट रस्त्यावर गाडी नेहमीसारखी, म्हणजे प्रामाणिकपणे चालली. पूल दिसला. मारोतरावांनी तिसरा गिअर टाकला, मान जरा वर केली, आरशातून बाबारावांकडे एक नजर टाकली आणि लाल बटण दाबलं.

बोनटखालून शिट्टीसारखा आवाज निघाला. बाबारावांनी दचकून गुडघे खाली घेतले. आणि त्याच क्षणी इंजिनानं, उशीनं तोंड दाबलेल्या माणसासारखी, एक उचकी दिली आणि ते बंद पडलं.

मारोतरावांनी बटण बंद केलं, चावी फिरवली. गाडी सुरू झाली. दहा हात गेली. त्यांना वाटलं, चढाव आहे, मदत लागेल. बटण दाबलं. बंद. पुन्हा सुरू, पुन्हा दहा हात, पुन्हा मदत, पुन्हा बंद. मागे हॉर्नांचा बँड उभा राहिला. यशदीप कळवळून सांगत होता, की बटण दाबू नका, तशीच कशीबशी चढेल. पण बटण न दाबता चढली तर महिनाभर केलं काय? चौथ्यांदा बंद पडली तेव्हा चार जण उतरले. बाबाराव इस्त्रीच्या कुर्त्यानिशी गाडी धरून ती उलटी खाली आणू लागले आणि आणता आणता म्हणाले, की मारोतरावांची कला थोर आहे. रेल्वेला जमलं नाही ते यांनी केलं, बटणाचा ब्रेक शोधला.

खाली कडेला लावल्यावर बोनट उघडलं. सगळे वाकून बघत होते, मयताला बघावं तसे. यशदीपनं बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याच्या मनात दया आली. पोटच्या पोरानं केलेली दया फार बोचते. तो म्हणाला, "पापा, आपकी गलती नहीं है. मशीन ही खराब निकली. कबाड का माल है."

किती सोपी वाट होती ती. सगळे माना हलवायला तयार उभे होते. मारोतरावांनी इंजिनाकडचा होज काढला, गाडी सुरू केली, बटण दाबलं आणि तोंडावर तळहात ठेवला. तळहात चिकटला. हवा इंजिनाच्या आत नाही, इंजिनातून बाहेर ओढली जात होती. अडतीस वर्षांची विद्या त्यांचा हात धरून उभी होती.

"मशीन एकदम बरोबर हाय," ते म्हणाले. "उलटं मीच लावलं."

त्यांनी सांगितलं नसतं तर कोणाला कळलंही नसतं. बाबारावांचं तोंड बोलायला उघडलं होतं, ते या वाक्यावर मिटलं. इतकं आयतं वाक्य पुढ्यात आल्यावर टोमण्याची मजा जाते.

मारोतरावांनी गरम पाइपांवर फडकं धरून दोन्ही होज उलटसुलट केले, क्लॅम्प आवळले. अर्धा तास गेला. कोपरापर्यंत हात काळे. मग ते म्हणाले, बसा. मायाबाई बसायला निघाल्या. बाबारावांनी मात्र घसा साफ केला आणि आठवण दिली, की अट एकदाची होती. सरलाबाई म्हणाल्या, जाऊ द्या ना, बसून पाहू. पण बाबाराव पंच होते आणि इतक्या वर्षांत त्यांना कोणी पंच केलेलं नव्हतं.

"बरोबर बोलून राहिले बाबारावजी," मारोतराव म्हणाले. "शब्द एकदाचाच होता. हरलो मी."

त्यांनी चावी फडक्याला पुसली आणि यशदीपच्या हातात दिली. मायाबाई उगाच दुसरीकडे बघू लागल्या. मारोतराव नंबर प्लेटकडे बघत होते आणि आज तिला घासायला हात पुढे जात नव्हता.

यशदीपनं चावी हातात खेळवली. जिंकणं इतकं मुकाट असेल असं त्यानं धरलं नव्हतं. शेवटी म्हणाला, की गाडी इथे रस्त्यात तर ठेवता येत नाही, मी कबाड्याकडे नेऊन सोडतो. भनपुरीला पुलावरूनच जावं लागतं. आणि एकटाच बसून निघाला.

चौघं कडेला उभे राहिले. ऊन वाढलं होतं. बाबाराव ऑटो शोधू लागले. इतक्यात पुलाकडून शिट्टी ऐकू आली. आता ती शिट्टी गुदमरलेली नव्हती. चढत होती, रुंद होत होती. मारोतराव डोळे मिटून ऐकत होते. "तिसरा," ते पुटपुटले. मग क्षणभरानं, "चौथा टाकला भडव्यानं. चढावावर."

शिट्टी पलीकडे उतरली, विरली. आता तो भनपुरीकडे वळणार, असं धरून मायाबाईंनी पदर तोंडाला लावला. पण थोड्या वेळानं तीच शिट्टी पलीकडून परत चढू लागली. लाल गाडी पुलावरून उतरली, खालच्या वळणावरून फिरली, त्यांच्या समोरून गेली आणि पुन्हा पुलावर. काचेआड यशदीपचा चेहरा दिसला, दहावी पास झाला त्या दिवशी होता तसा खुललेला. ऑटोवाल्यानं थांबून विचारलं, कहाँ जाना है, तर बाबारावांनी त्याला हातानंच थांब म्हटलं आणि तेही पुलाकडे बघत राहिले. तिसऱ्या फेरीला सरलाबाईंनी मोजायला सुरुवात केली.

पाचव्या फेरीनंतर गाडी त्यांच्यापाशी येऊन थांबली. यशदीपनं काच खाली केली. एसी चालूच होता. गार वाऱ्याचा एक झोत चौघांच्या तोंडावर आला.

"पापा," त्यानं अंगातली धाप लपवत विचारलं, "फिटनेस की आखिरी तारीख कौन सी है?"

मारोतरावांनी तारीख सांगितली. मग ड्रायव्हरच्या बाजूला जाऊन दार उघडलं आणि चावीसाठी हात पुढे केला. यशदीपनं त्या काळ्या तळहाताकडे पाहिलं, मान हलवली आणि शेजारच्या सीटकडे बोट दाखवलं. मारोतराव फेरा घालून दुसऱ्या बाजूला गेले आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या गाडीत डावीकडे बसले.