खाऱ्या पाण्याची संमती

१९ जून २०२३ रोजी रोह्याजवळ वरसे इथल्या एका खासगी कृषी संशोधन केंद्राच्या खात्यात सात लाख बेचाळीस हजार सहाशे रुपये जमा झाले. सरकारी अनुदानाचा पहिला हप्ता. केंद्रात पेढे वाटले. ज्याने तो प्रस्ताव लिहिला होता त्या हर्षद घरतने पेढा घेतला, कागदात गुंडाळला आणि खिशात ठेवून दिला.

हर्षद पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावचा. शेतीतली पदवी घेतलेला, वय बेचाळीस. सकाळी पेणहून गाडीने रोहा, तिथून पुढे रिक्षा. केंद्रात तो संशोधन साहाय्यक होता, पण कंत्राटी, आणि कंत्राट अनुदानाला बांधलेलं. प्रस्ताव मंजूर झाला तर पगार, नाहीतर घर. म्हणजे बारा वर्षं तो स्वतःचा पगार स्वतःच लिहून मागत आला होता, फक्त खाली सही दुसऱ्याची असे. नाचणीची बिस्किटं, कडव्या वालाचं पीठ, फणसाच्या आठळ्यांची भुकटी, ज्या वर्षी सरकारला जे हवं असेल ते. भाजी आणायला सांगितली तरी हा आधी उद्दिष्ट विचारतो, असं त्याची बायको दिपिका म्हणायची. मुलगी ऋतुजा बारावीला होती आणि तिला फार्मसीला जायचं होतं. आदल्या वर्षीचे दोन प्रस्ताव परत आलेले. हा तिसराही आला असता तर त्याला घरी बसावं लागलं असतं.

तिसरा प्रस्ताव राता भाताचा होता. राता म्हणजे खारवट जमिनीत तग धरणारं लाल तांदळाचं भात. ते नेमकं किती खार सोसतं आणि खार सोसलेल्या दाण्याचे पोहे कसे होतात, हे तीन वर्षं तपासायचं. त्यासाठी शेतकऱ्याच्याच शेतात दोन तुकडे हवे होते. एकात नेहमीसारखं पीक, दुसऱ्यात पीक उभं असताना खाडीचं पाणी सोडायचं. अट अशी, की जमीनमालकाची आणि त्या पाण्याशी संबंध येणाऱ्या सगळ्या शेतकऱ्यांची संमती घेतलेली असावी.

जमीन मिळाली. चुलतकाका केरू घरत यांनी आपली दोन गुंठे जमीन देऊ केली. पण त्या गावात पाणी एकट्याचं नसतं. खाडीच्या बाजूने मातीचा लांब बांध, बांधाला एक उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर करायचं दार, आणि आतली सगळी शेतं एकमेकांना लागून. याच्या शेतातलं पाणी त्याच्या शेतात, त्याच्यातलं पुढच्याच्या. ते दार कधी उघडायचं ते सगळं गाव मिळून ठरवतं.

फेब्रुवारीत एका रविवारी दुपारी बांधाच्या कामाची बैठक होती. हर्षदने तिथे विषय काढला. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं, चहा झाला, चांगलं काम आहे, गावाचं नाव होईल, असं दोघातिघांनी म्हटलंही. मात्र त्या गावात बैठकीत कुणी कुणाला नाही म्हणत नाही. आपल्याच गावच्या पोराला तोंडावर नकार देणं बरं दिसत नाही. खरं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतं. ज्याला पटलं त्याच्या घरचं एक माणूस पाटी घेऊन बांधावर येतं आणि विषय काढणाऱ्याबरोबर चार पाट्या चिखल टाकतं. ती त्याची सही. जो आला नाही त्याने नाही म्हटलेलं असतं, आणि त्यावर पुन्हा बोलायचं नसतं.

हर्षदला हे लहानपणापासून ठाऊक होतं. पण प्रस्ताव भरायची मुदत त्याच रविवारी संध्याकाळी सहाला संपत होती. पेणच्या एका झेरॉक्सच्या दुकानात बसून त्याने ऑनलाइन अर्जात 'संबंधित शेतकऱ्यांची संमती घेतली आहे' या ओळीपुढे होय केलं. सकाळी येतीलच की सगळे, असं स्वतःला सांगितलं.

सकाळी बांधावर फक्त केरूकाका आले.

"मी आलो बाबा," ते म्हणाले. "बाकी कोन येल असं वाटत नाय."

दोघांनी चार-चार पाट्या टाकल्या आणि घरी गेले. त्यानंतर चार महिने हर्षद एकाच वेळी दोन नवस करत होता. प्रस्ताव मंजूर व्हावा, आणि होऊ नये.

जून उजाडला आणि पैसे आले. जुलैत तीन महिन्यांचा थकलेला पगार मिळाला, ऋतुजाच्या प्रवेशाचे पैसे भरले गेले, खार मोजायची यंत्रं आली. मग त्याने केंद्राच्या प्रमुख डॉ. साबिरा मुकादम यांना खरं काय ते सांगितलं. त्या रोह्याच्याच, कामाला कडक पण माणूस सरळ. त्यांनी दार लावून घेतलं आणि पैसे परत करायचे झाले तर काय होईल ते मांडलं. व्याजासह रक्कम भरायची. ज्याला पगार मिळाला त्याच्याकडून वसुली. पुढली तीन वर्षं केंद्राचा एकही प्रस्ताव कुणी उघडून बघणार नाही.

"मी दोन वर्षांत निवृत्त होईन, हर्षद. तुम्ही आठ जण कुठे जाल?" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "गाव तुमचं आहे. काहीतरी करा."

तो पुन्हा चार घरी जाऊन आला. चारही घरी खुर्ची मिळाली, चहा मिळाला, ऋतुजाची चौकशी झाली. उघाडीचा विषय निघाला की समोरचा माणूस पावसाबद्दल बोलू लागे. शेवटी तो केरूकाकांच्या ओट्यावर जाऊन बसला. जमीन तुमची, सातबारा तुमचा, मग तुमच्या दोन गुंठ्यांत पाणी घ्यायला गाव कशाला लागतं, असं काहीतरी तो चिडून बोलला.

"जमीन हाय सातबाऱ्यावर," काका म्हणाले. "पानी कुनाच्या सातबाऱ्यावर हाय? दाराला हात लावू नको. घ्यायचंच तर डरमात भरून आन."

तसंच केलं. सप्टेंबरात पाऊस ओसरला, खाडीचं पाणी पुन्हा खारं झालं. उधाणाच्या भरतीला, भर दुपारी, हर्षदने टेम्पोतून निळे ड्रम नेले, खाडीतून भरून आणले आणि पाइप लावून काकांच्या तुकड्यात सोडले. तुकड्याभोवतीचा बांध वर चढवून त्याला आतून प्लास्टिक लावलं होतं. शेजारचं शेत पुतळीकाकूंचं. त्या विधवा, एकट्या, आणि जीभ चांगली धारदार. बांधावर उभ्या राहून त्यांनी सगळं पाहिलं.

"डागतर कदी झालास रे?" त्या म्हणाल्या. "शेताला सलाईन लावतंस ती?"

रस्त्यावरची दोन माणसं हसली. हर्षदही हसला. पाइप मात्र त्याने काढला नाही.

प्लास्टिक वरून नीट होतं. खाली खेकड्यांची बिळं होती. खाडीकाठी वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण त्या घाईत हर्षदला ते सुचलं नाही. भात फुलोऱ्यात असताना खारं पाणी बिळांतून काकूंच्या शेतात उतरलं. काकूंच्या शेतात राता नव्हता, साधं भात होतं. कडेचा लांब पट्टा पांढरा पडला. लोंब्या उभ्या राहिल्या, आत दाणा नाही. काकू रोज त्या पट्ट्याशी येऊन थोडा वेळ उभ्या राहत.

ऑक्टोबरात पाहणीला दोन अधिकारी आले. त्यांना दोन तुकड्यांतला फरक फार आवडला. फोटो काढले, यंत्रातले आकडे उतरवून घेतले. त्यातल्या वयस्कर साहेबांनी बाजूला उभ्या असलेल्या पुतळीकाकूंना विचारलं, "मावशी, शेजारी खारं पाणी घेतात. तुमची हरकत नाही ना?"

हर्षदने मान खाली घातली. आता काकूंनी नुसता पट्ट्याकडे हात केला तरी सगळं संपत होतं, आणि त्या क्षणी ते संपलं तर बरं, असंही त्याला वाटून गेलं.

"आमचाच पोर हाय तो," काकू म्हणाल्या. "त्याला मी नाय कशी म्हनू?"

साहेबांनी लिहून घेतलं, परिसरातील शेतकऱ्यांचं सहकार्य उत्तम.

अधिकारी गेल्यावर काकूही घरी गेल्या. हर्षद मागोमाग गेला, नुकसानीचे पैसे देतो म्हणाला. त्यांनी पैशाला हात लावला नाही. माझं भात गेलंय, पैसे गेले नाहीत, भात दे, एवढंच त्यांनी सांगितलं. आणि तेही साधं नको, राताच दे, म्हणजे पुढच्या वर्षी तू पाणी सोडलंस तरी माझं उभं राहील.

डिसेंबरात दुसऱ्या हप्त्याच्या मंजुरीचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की प्रयोग त्याच शेतात, त्याच तुकड्यात, आणखी दोन वर्षं चालवावा, आणि पाण्याचं प्रमाण दीडपट करावं. कोलाडला खताच्या एका दुकानदाराने त्याला बारमाही नोकरी देऊ केली होती. पण प्रस्तावात क्षेत्रीय काम पाहणारा म्हणून त्याचं नाव होतं, ते बदलायचं तर संमतीपासून सगळं पुन्हा तपासलं जाणार. त्याने दुकानदाराला फोन करून नाही सांगितलं. केरूकाकांना पत्र वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी चहा टाकायला सांगितला. हर्षद चहा न घेताच उठला.

पुतळीकाकूंचं नुकसान दोन मणांचं निघालं. प्रयोगाच्या तुकड्यातला राता पिशव्यांत सील होऊन वरसेला गेला होता, त्यातला दाणाही देता येत नव्हता. एक मण त्याने दुसऱ्या गावाहून मिळवून काकूंच्या ओटीवर नेऊन ठेवला. काकूंनी तो मापून घेतला.

दुसरा एक मण राता अजून द्यायचा आहे.