बोनेटची डावी फट

दुपारी आम्ही दोघांनी एका पिकअपचं बोनेट बसवलं. तेच आमचं शेवटचं काम. लोणखेड्याला घराला लागूनच माझं डेंटिंगचं शेड आहे. एका केळीवाल्या शेतकऱ्याच्या गाडीला म्हैस आडवी आली होती. मडगार्ड ठोकून सरळ केलं, बोनेटच्या आतला गंज खरवडून रंग मारला. गंज आतूनच खातो, वरून पुसून काही होत नाही. आता बोनेट चढवायचं होतं. ते एकट्याने चढत नाही. एक बाजू मी धरायचो, दुसरी बायको. चाळीस वर्षं असंच.

बोल्ट अर्धे आवळून बोनेट खाली टेकवलं, की ती मडगार्डलगतच्या दोन्ही फटींत करंगळी फिरवून त्या सारख्या आहेत का बघायची. माझी बोटं जाड, जात नाहीत.

"डावीकडली फट मोठी शे," ती म्हणाली.

"चालस."

"चालस कसं? परत ढिलं करा."

"मले शिकाडू नको."

"शिकाडाले समोर डोकं लागस ना."

मला राग आला. बोल्ट तसेच आवळले. ती पदराला हात पुसत घरात गेली. चहा टाकत असेल असं वाटलं. बराच वेळ भांडं वाजलं नाही म्हणून आत गेलो, तर ओट्याखाली पडलेली. डॉक्टर आला आणि नुसती मान हलवून गेला. संध्याकाळी सुरतेहून मुलगी पोचली, मग बायकोला स्मशानात नेलं.

घर माणसांनी भरलं. जेवत नाही म्हणालो, बरं म्हणाले. बाहेर बसतो म्हणालो, बरं. मी काहीही म्हटलं तरी बरंच. तू चुकतोस असं म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.

आणि मी चुकलो होतो. फट तिरकी असली की लॉक नुसतं कडेवर धरतं. गाडी पळाली की खालून वारा शिरतो, बोनेट उलटून काचेवर येतं, ड्रायव्हर आंधळा होतो. हे मला माहीत होतं. तिच्याशी भांडतानाही माहीत होतं.

सकाळी तो शेतकरी भेटायला आला. जाताना म्हणाला, "काका, गाडी नेऊ का? मस्त झालीय."

"नाही झाली. ती बाजू धर."

मुलगी धावत आली. "आबा, सुतक शे. लोके काय म्हनतीन?"

"लोके काय त्या गाडीत बसनार नहीत."

बिजागरीची भोकं लांबट असतात, बोनेट सरकवायलाच. बोल्ट ढिले केले. शेतकऱ्याने त्याची बाजू वर उचलली.

"अरे, आरतीचं ताट आहे का? खाली घे."

बोनेट केसभर डावीकडे सरकवलं. काडेपेटीचा पुठ्ठा दुमडून दोन्ही फटींत फिरवला, सारखा गेला. बोल्ट आवळले. हातभर उंचीवरून बोनेट सोडलं, लॉक बसलं. दोनदा ओढून पाहिलं. हललं नाही.

"तिचं बरोबर होतं," मी म्हणालो.

त्याला काय कळणार? "हो काका," म्हणाला आणि गाडी घेऊन गेला.

आमच्यात दुसऱ्या दिवशी राख सावडतात. माणसं दारात थांबली होती. मी रॉकेलने हात धुतले, मग साबणाने, आणि त्यांच्या मागे निघालो.